गच्चीवरचा सत्कार

आमच्या गावी पेपरात नाव छापून आलं की छापणाऱ्याकडे पेढे घेऊन जायची पद्धत होती. मी बी.ए. झाले तेव्हा तालुक्याच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बाजार समितीत हमाली करणाऱ्या माझ्या वडिलांनी धुतलेला सदरा घातला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि मला घेऊन छापखान्यात गेले. संपादकांनी खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत. "आमच्या पोरीचं नाव तुम्ही लिहिलंत," एवढंच म्हणाले, आणि पुडा टेबलावर ठेवला.

पत्रकाराचे आभार कसे मानायचे ते मी तिथं शिकले. त्याच आभारांनी एखाद्याला उघडं पाडता येतं, हे पुढे दिल्लीत कळलं.

सरकारी नोकरी लागून मी दिल्लीला आले, क्वार्टर मिळालं, मराठी मंडळाची सभासद झाले. दिल्लीबाहेर, हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यांत लातूर, बीडकडची बरीच माणसं कामाला आहेत. त्यांची मुलं घरी मराठी बोलायची, पण शाळा हिंदी. मराठी वाचता यायचं नाही. मी दर रविवारी तिथं वर्ग घ्यायला लागले. मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत, पुढे शेअर ऑटोत गुडघे आवळून. एका घरमालकानं त्याच्या चाळीची गच्ची वापरायला दिली होती. फळा आणि पुस्तकं मंडळाची. मंडळाचा तिथला संबंध तेवढाच.

मग एका मराठी पेपरच्या दिल्ली प्रतिनिधीनं या वर्गाची माहिती विचारायला मंडळात फोन केला. तो कार्याध्यक्षांनी उचलला. बातमी आली ती त्यांच्या फोटोसकट. "दर रविवारी या मुलांमध्ये बसल्याशिवाय मला चैन पडत नाही," असं त्यांनी सांगितलं होतं. शेवटी एक वाक्य होतं: एक महिला सभासद त्यांना मदत करतात.

मी बातमी ऑफिसात वाचली. डबा उघडलाच नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं. पण पुढच्या बैठकीत कार्याध्यक्ष म्हणाले, "वर्ग आता आपल्या हॉलवर आणू. बिल्कुल प्रोफेशनल करू. माझी सून बघेल."

"काका, मानेसरची मुलं दिल्लीला कशी येतील?"

"अहो ताई, मुलं काय, दिल्लीत कमी आहेत? आणि तुमचीही दगदग वाचेल ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फळा आणि पुस्तकं महिनाअखेर हॉलवर जायची होती. म्हणजे माझी मुलं बाहेर. ज्या मुलीनं मागच्याच रविवारी दुकानाची पाटी पहिल्यांदा स्वतः वाचली होती, तीही बाहेर. मी भांडले नाही. भांडणाऱ्या बाईचं मंडळात काय होतं ते मी पाहिलं होतं. मी गोड आवाजात म्हटलं, "काका, वर्ग हलवण्याआधी त्या पत्रकारांचा सत्कार करू या की. इतकं छान लिहिलंय. मुलांच्याच हातून, मानेसरला. फोटो सुरेख येईल."

फोटो म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. "चलो, डन!"

पत्रकारांना मीच फोन केला. ते म्हणाले, "सत्कार वगैरे नको हो मॅडम." मी त्यांना वडिलांच्या पेढ्यांची गोष्ट सांगितली. ती खरी होती, म्हणून ते आले.

सत्काराच्या रविवारी काका पत्रकारांना आपल्या गाडीतून घेऊन निघाले. मी गच्चीवर सतरंज्या घालत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मेन रोडवरून कुठं वळायचं?"

काका गाडीत फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, हे मला माहीत होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "नेहमीच्याच वळणावर, काका!"

पलीकडे ड्रायव्हरनं रस्त्यावरच्या कोणाला तरी विचारलं आणि उत्तर मला इथपर्यंत ऐकू आलं: "मराठीवाली मैडम के यहाँ? सीधे जाओ, पीली बिल्डिंग."

ते वर आले तेव्हा मी फळ्यावर कार्यक्रम लिहून ठेवला होता. स्वागत. मुलांचा परिचय: मा. कार्याध्यक्ष. सत्कार. आभार.

काकांनी फळा वाचला आणि माझ्या कानाशी आले. "परिचय तुम्हीच करा हो."

"छे हो काका! तुम्ही असताना मी? दर रविवारी तुम्ही असता, पेपरात आलंय."

हे मी कानात बोलले नाही.

काका उभे राहिले. मुलं ओळीनं बसली होती, तेल लावून, भांग पाडून. मागे त्यांच्या आया. काकांनी घसा साफ केला, मराठी भाषेच्या वैभवावर बोलू लागले. पत्रकार नम्रपणे म्हणाले, "सर, मुलांची नावं सांगता का? लिहून घेतो."

काकांनी पहिल्या ओळीतल्या एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही आपली... अगदी हुशार. पहिल्या दिवसापासून आहे."

"मी आजच आलीय," मुलगी म्हणाली. "पेढे हायेत म्हणून."

आया पदर तोंडाला लावून हसल्या. तिच्या शेजारच्या मुलानं मला विचारलं, "ताई, हे काका कोण?" मी काकांकडे बघत राहिले, तेच काय ते सांगतील म्हणून. ते खाली बसले.

हॉलचा बेत काकांनी गाडीत सांगितला असावा; पत्रकारांनी मागे वळून एका आईला विचारलं, "वर्ग दिल्लीच्या हॉलवर गेला तर मुलं पाठवाल?"

"कोण नेणार सायेब? रविवारी यांची ड्युटी असती. मला ती मेट्रो कळत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, वर्ग बंद होणार?"

"ते काकांना विचारा," मी म्हटलं.

तिनं विचारलं. सगळ्यांसमोर, पत्रकारांच्या पेनासमोर. काका म्हणाले, "नाही, नाही, बंद कसा होईल? वर्ग इथंच राहणार."

सत्कार झाला. मुलांनी पत्रकारांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. फोटोसाठी सगळे गोळा झाले तेव्हा पत्रकारांनी आपला मोबाइल काकांच्या हातात दिला. "सर, तुम्ही काढता का? म्हणजे वर्गातले सगळे येतील." काकांनी काढला. थोडा हलला होता, पण आम्ही सगळे आलो होतो.

जाताना पत्रकार हळूच म्हणाले, "मॅडम, चूक माझी होती, आधीच इथं यायला हवं होतं. पण तुम्ही मला सरळ सांगायचं ना. दुरुस्ती छापली असती."

"आतल्या पानावर, कोपऱ्यात," मी म्हटलं. "ती काकांनी वाचलीही नसती."

ते हसले नाहीत, पण पेढा मात्र अजून एक घेतला. पुढच्या रविवारच्या बातमीत गच्ची होती, मुलं होती, त्या आईचं बोलणं होतं आणि "वर्ग इथंच राहणार" हे कार्याध्यक्षांचं आश्वासन, त्यांच्या नावानिशी. मी पत्रकारांच्या ऑफिसात पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. त्यांनी खुर्ची दिली. मी बसले.

चांगल्या माणसानं माफ करावं असं माझी मैत्रीण म्हणते. मला ते जमलेलं नाही आणि मी प्रयत्नही करत नाही. गच्चीवर वर्ग अजून भरतो. दर वर्षी वर्गाच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मी काकांना स्वतः नेऊन देते, त्यात छापलेलं असतं: मुलांचा परिचय, मा. कार्याध्यक्ष. आता ते त्या पदावरही नाहीत. दार उघडून ते निमंत्रण घेतात, पाहतात आणि म्हणतात, "बघू, तब्येत कशी राहते."

"या हो काका," मी म्हणते. "मुलं वाट बघतात."