बबनकाकांचे वाकडे खिसे

मी गाव सोडलं तेव्हा आई रडली नाही. शेजारच्या बबनकाकांना बोलली, "भाऊ, याला डोकं नाय, हात हायेत. तेवढे कुठं लागतात का बघा." काका उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर होते. त्यांच्याबरोबर आमच्या गावाकडच्या धरणाच्या बाजूने बदलापूरला उतरलो. काका पाणी प्यायला गेले, तेवढ्यात मी हुशारी करून पुढच्या टमटममध्ये जागा धरली, आणि ती सुटली. थेट मांजर्लीला, स्टेशन सोडून भलतीकडेच! काका तासाभराने शोधत आले. शिवी नाही दिली. बोलले, "जागा तरी चांगली मिळाली ना?"

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, कारखान्यात, त्यांनीच मला शिवायला शिकवलं. पहिला खिसा मी इतका मजबूत शिवला की तोंडपण शिवून टाकलं. गावच्या मंडळींनो, तिकडे आपण गुडघाभर चिखलात असायचो, इकडे दिवसभर निळा धुरळा. नाक शिंकरलं तरी निळंच.

दहा वर्षांनी कारखान्याच्या सिंधी शेठने मला सुपरवायझर केलं. चौथी नापास माणूस, बारा मशीनवर! कारण एकच, मी कोणाशी भांडत नाही. पण सुपरवायझरने करायचं काय ते कोणाला ठाऊक? मला ठाऊक भाताची लावणी. लावणीत कोणी म्हातारं मागे पडलं की आजूबाजूचे त्याची ओळ लावत जातात. बोलत कोणीच नाही, बोललं तर त्याला लागतं. मी कारखान्यात तेच केलं.

काका पॅन्टला मागचे खिसे लावायचे, ते वाकडे जायला लागले होते. नजर अधू झाली होती, त्यांना कळत नव्हतं. दुपारी सगळे जेवायला गेले की मी त्यांचे खिसे उसवायचो, सरळ शिवायचो, गठ्ठ्यात परत ठेवायचो. चार महिने. मनात म्हणायचो, काय भारी सुपरवायझर आहे मी!

मग शेठने मला अंबरनाथला एक दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं. लीडरशिप. एसी हॉल, माईकवाले सर. सरांनी कागदी कप वाटले, मनोरा बांधा बोलले. मला वाटलं चहा संपलाय, मी सगळ्यांचे कप गोळा करून कचऱ्यात टाकले. लोक हसले, मीपण हसलो. त्याच दिवशी इकडे काकांचा गठ्ठा न तपासता तसाच गेला.

चार दिवसांनी माल परत आला. शेठने पॅन्ट माझ्यासमोर धरली. एक खिसा कमरेवर, एक मांडीवर. "किसका काम है?"

"माझी चूक, शेठ."

"अरे साईं, तू सबका दोस्त है, लीडर नहीं है. गठ्ठे पे नाम बबन का है, कल से वो मशीन पे नहीं बैठेगा. और ये तू बोलेगा, मैं नहीं."

बोललो, काकांना धागे कापायला बसवा. शेठ हो बोलला. मला वाटलं सुटलो.

काकांना चहाच्या टपरीवर नेलं. आधी दोन जोक मारले. तिसरा सुचेना, मग सगळं सांगितलं. काकांनी ग्लास खाली ठेवला.

"किती दिवस उसवतोयस?"

"चार महिने."

"अरे, पहिल्या दिवशी बोलला असतास तर चष्मा केला असता ना मी."

मी उठून टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले. काका धागे कापायला बसलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गावाला गेले. महिन्याभराने चष्मापण केला, असं ऐकलं. पण त्यांच्या मशीनवर तोवर दुसरा बसला होता. त्याला उठवायची हिंमत माझ्यात नव्हती, आजही नाही. त्याचंपण घर आहे.

इकडे आलेल्या माझ्या भावांनो, तुम्ही विचारता, आमच्याबरोबर गावाला का येत नाहीस? येतो रे. पण वाडीत शिरताना पहिलं घर काकांचं लागतं, आणि ते ओटीवर बसलेले असतात. म्हणून मी टमटम अलीकडेच सोडतो, बांधावरून फिरून मागच्या दाराने घरात जातो. आई विचारते, "चोरासारखा काय येतोस?" मी बोलतो, शॉर्टकट आहे. दोन दिवस चुलीपाशी बसतो, अंगणात जात नाही. गाव अख्खं तिथेच आहे, पण माझ्या वाट्याला घर एवढंच उरलंय, मागच्या दारापासून चुलीपर्यंत.