बंद गाडीचे एकेचाळीस किलोमीटर

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी गॅरेजात उभा करत नाही. बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. गाडीत काही बिघडलं की त्याला कारण असतं, आणि निम्म्या वेळा ते कारण दोन पायांवर चालत असतं... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

नौपाड्यातल्या एक डॉक्टर बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांची गाडी सदाकाका चालवायचे. काका विठ्ठलवाडीला राहतात, एकटेच. बारा वर्षं बाईंकडे ड्रायव्हर. गेल्या वर्षी एकदा बाई स्वतःच गाडी घेऊन आल्या. स्पीडचा काटा चालता चालता शून्यावर पडत होता. पण खरी तक्रार वेगळीच होती. दुपारी एक ते चार दवाखाना बंद, गाडी बिल्डिंगखाली उभी — आणि चार वाजता मीटरवर एकेचाळीस किलोमीटर जास्त. रोज.

"स्पीड सेन्सर गेला की असं होतं का हो?" बाई म्हणाल्या. "काकांना काही बोलण्याआधी मला खात्री हवीय."

स्पीड सेन्सर म्हणजे गिअरबॉक्सवरचा अंगठ्याएवढा तुकडा. गाडी किती पळतेय ते तो मीटरला कळवतो. मी गाडी जॅकवर घेतली, स्कॅनर लावला, पुढची चाकं फिरवून पाहिली. कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढलेला. तो साफ केल्यावर काटा सरळ आला. सेन्सर ठणठणीत होता. आणि बिघडला असता तरी चावी बंद असताना किलोमीटर वाढणार कसे?

आता खरं सांगतो. हेल्पर होतो तेव्हा 'ट्रायल'च्या नावाखाली गिऱ्हाइकाची गाडी काढून मी डोंबिवलीला घरी जेवायला जायचो. मीटर पळू नये म्हणून हाच कनेक्टर काढून ठेवायचो. आमच्या लाइनमध्ये हे सगळ्यांनी केलंय. मनात हिशोब मांडला... नौपाडा ते विठ्ठलवाडी, जाऊन-येऊन साधारण चाळीस. काकांना कनेक्टर काढायची अक्कल नाही, एवढाच काय तो फरक.

"सेन्सर ठीक आहे, बाई. गाडी कोणीतरी चालवतंय," मी ठामपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. "अरे, घरी माझं आहे कोण, जेवायला जायला? डबा खातो आणि तिथेच जिन्याखाली आडवा होतो. तू ओळखतोस ना रे मला? सांग ना बाईंना."

"काका, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणालो. काका निघून गेले. बाईंनी त्यांना त्याच आठवड्यात काढलं. बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला तो वेगळाच.

दहा-बारा दिवसांनी बाई परत आल्या. नवा ड्रायव्हर ठेवलेला नाही, चावी त्यांच्या पर्समध्ये — आणि तरी एकेचाळीस.

मला आधी बाईंचाच संशय आला. म्हटलं, गाडी ठेवून जा, दोन्ही चाव्याही द्या. सेन्सर नवा टाकला. मीटरचा आकडा लिहून घेतला, बॅटरीची केबल काढली. चाकापासून खालच्या लादीपर्यंत खडूची एकच रेघ ओढली. चाव्या खिशात ठेवून गाडीसमोर स्टूल टाकून बसलो. एक ते चार, लघवीलासुद्धा उठलो नाही. चारला केबल जोडली, चावी फिरवली.

एकेचाळीस.

बॉनेट गार. खडूची रेघ जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी सेन्सर काढून टेबलावरच ठेवला, तरी तेच. भीती होतीच, पण त्याहून जास्त सदाकाकांचा चेहरा आठवत होता.

बाईंना घेऊन विठ्ठलवाडीला गेलो. बाईंनी हात जोडले. काका म्हणाले, "येईन मी. पण ज्या बिल्डिंगमध्ये चोर ठरलो, तिथे हा सगळ्यांसमोर सांगू दे, की माझी चूक नव्हती."

सांगायचं काय? खडू आणि स्टुलाची गोष्ट सांगितली असती तर लोकांनी मला वेडा म्हटलं असतं आणि काकांना चोरच. मग बिल्डिंगखाली चारचौघांत मी मोठ्याने म्हणालो — सेन्सर खराब होता, मीच नीट बघितला नाही. लोकांना पटकन पटलं. "तरीच," म्हणाले, आणि आपापल्या घरी गेले.

तो जुना सेन्सर मी नंतर तीन वेगवेगळ्या गाड्यांना लावून पाहिला. कुठेही चुकला नाही. मीटर तयार करणाऱ्या एका ओळखीच्या इंजिनिअरलाही विचारलं, तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. मलाही तेच वाटतं. कारण आजतागायत सापडलेलं नाही.

त्या दिवशी लोक पांगल्यावर काका गाडीत बसले. काच खाली करून हळूच म्हणाले, "लोकांचं सोड. तू माझ्याशी खरं बोल. सेन्सरच होता ना रे? म्हणजे मी निर्धास्त चालवतो."

मी हो म्हणालो.