आजीची थाळी आणि माझी सही

आजीनं पिशवीतून स्टीलची थाळी काढली, मग एक मोठा चमचा काढला आणि दोन्ही आपल्या मुलाच्या हातात दिली.

"मांगं उभा राह्य," ती त्याला म्हणाली. "मी सांगतो तवा वाजव."

नातू तिच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून बसला होता. नाव विहान, वय बावीस महिने. बापानं मागं जाऊन थाळी हवेत धरली आणि एकदाच, पण मन लावून वाजवली. रजिस्ट्रेशनची सिस्टर दचकली. बाहेरचा वॉचमन आत डोकावून गेला. आणि विहाननं मान वळवून बापाकडे पाहिलं.

"पाहा," आजी म्हणाली. "याले ऐकू येते. तुमची मशीन खराब असन."

माझ्या टेबलावर त्या मशीनचा रिपोर्ट उघडा होता. दोन्ही कानांत अतितीव्र श्रवणदोष, असं त्यात लिहिलं होतं. सोप्या भाषेत, या मुलाला थाळी काय, दिवाळीतला लक्ष्मीबॉम्बही जेमतेम ऐकू यावा. मी म्हटलं, पुन्हा वाजवा. त्यानं पुन्हा वाजवली. विहान पुन्हा वळला. या वेळी तो हसलासुद्धा.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी. नागपुरात एका सरकारी हॉस्पिटलच्या आवारात आमचं अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर आहे. मान धरणं, बसणं, चालणं, ऐकणं, बोलणं यातलं काही ज्या मुलांना वेळेवर येत नाही, त्यांची लहानपणीच तपासणी करून थेरपी सुरू करायची, एवढंच त्या लांबलचक नावामागचं काम. 'होईल हळूहळू' या दोन शब्दांशी आमचं रोजचं भांडण असतं. ऐकण्याच्या बाबतीत तर जास्तच. मूल बोलतं ते ऐकून. पहिल्या दोन-तीन वर्षांत कानावर काही पडलंच नाही, तर पुढं मेंदूला ते शिकवणं फार जड जातं.

विहान आला होता तो बोलत नाही म्हणून. 'आई' नाही, 'बाबा' नाही. आजीचं म्हणणं होतं, "आमच्या घरचे पोट्टे उशिराच बोलतात. याचा बाप चार वर्साचा झाला तवा बोलला." बाप, प्रवीण, शेजारीच उभा होता. तो अजूनही फारसा बोलत नव्हता, त्यामुळे मला ते खोटं वाटलं नाही.

तरी आम्ही बेरा केली. ही तपासणी झोपलेल्या मुलावर करतात. डोक्याला वायर चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचा आणि मेंदूपर्यंत तो पोचला का ते स्क्रीनवरच्या लाटांत पाहायचं. मुलाला काही करावं लागत नाही, फक्त झोपावं लागतं. आणि तेच मुलं करत नाहीत. सकाळपासून जागं ठेवून आणा, असं सांगितलं होतं. त्यांनी आणलं. टेस्टच्या खोलीत आधी प्रवीण झोपला, मग आई पल्लवी पेंगायला लागली. विहाननं तासभर माझ्या वायर ओढल्या. शेवटी डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं झोपला. लाटा आल्या नाहीत. आवाज वाढवत शेवटपर्यंत नेला, स्क्रीनवर रेघ सरळ.

त्या रिपोर्टवर ही थाळी वाजली होती.

आमचे इन्चार्ज पाठक सर बालरोगतज्ज्ञ आहेत. कमी बोलतात. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"मशीन बरोबर आहे की आजी?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बरोबर वाटतात, सर."

"असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही."

"माहीत आहे."

"मग बेरा रिपीट करा. आजी रिपीट करायची गरज नाही."

मी उठले नाही. हातातलं गुलाबी कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं. पल्लवीनं ते जुन्या कागदांबरोबर आणलं होतं. विहान नऊ महिन्यांचा असताना त्यांच्या गावी, खाप्याच्या अंगणवाडीत तपासणी कॅम्प झाला होता, त्याचं कार्ड. 'आवाजाला प्रतिसाद' या रकान्यात 'होय' लिहिलं होतं. खाली सही होती. सही माझी होती.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे त्यांना दाखवलंत?"

"त्यांनीच आणलंय. सही कोणाची ते त्यांना माहीत नाही."

"हं," सर म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ मी दोन दिवस लावत होते.

दुसरी बेरा पहिल्यासारखीच आली. आता श्रवणयंत्रं द्यायची, थेरपी सुरू करायची आणि पुढं कानाच्या आतल्या इम्प्लांटच्या ऑपरेशनसाठी पाठवायचं, हा रस्ता सरळ होता. फक्त रस्त्यात आजी बसली होती. प्रवीण कळमेश्वरच्या एका कंपनीत जातो, पल्लवी कापडाच्या दुकानात. मूल दिवसभर आजीकडे. लहान मूल कानातलं यंत्र दहा वेळा उपटून फेकतं. ते दहा वेळा परत लावणारं माणूस घरात लागतं. ते माणूस मला म्हणत होतं, "ऐकणाऱ्या लेकराच्या कानात भोंगे काहून लावता?" तिनं मनावर घेतलं नाही, तर यंत्रं कपाटात राहणार आणि विहानचं आणखी एक वर्ष जाणार. एक वर्ष माझ्या सहीनं आधीच गेलं होतं.

मी होम व्हिजिट काढली. सेंटरच्या गाडीनं खाप्याला गेले. रविवार होता, सगळे घरी होते. आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि विहान तिच्यासमोर पोत्यावर, टरफलं कढईत टाकत. मी खुर्ची कोपऱ्यात घेतली आणि म्हटलं, माझ्याकडे लक्ष देऊ नका. खेड्यातल्या घरी हे सांगण्याला काही अर्थ नसतो. चहा आला, पोहे आले, मग पुन्हा चहा आला.

घरी तर विहानला दवाखान्यापेक्षा चांगलं ऐकू येत होतं. रस्त्यावर मोटारसायकल थांबली, त्यानं फाटकाकडे पाहिलं. कुकरची शिट्टी झाली, त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आजी प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून मान डोलवत होती. मी वहीत खुणा करत होते आणि मनातल्या मनात बेरा मशीनच्या कंपनीला पत्र लिहीत होते.

मग मागच्या गल्लीत कुणीतरी पत्र्याचा ड्रम आपटला. मी दचकले. विहान हलला नाही. आजीही हलली नाही; तिची एक शेंग किडकी निघाली होती आणि ती त्या शेंगेकडे पाहत होती.

तेव्हा मी विहानकडे पाहणं सोडलं आणि आजीकडे पाहायला लागले.

कुकरची पुढची शिट्टी झाली. आजीचे हात शेंगांवरच होते, मान जागची हलली नाही. पण डोळे स्वयंपाकघराकडे गेले. विहान तिच्या डोळ्यांकडे पाहत होता. क्षणभरानं तोही स्वयंपाकघराकडे वळला.

आमच्या धंद्यात हा साधा नियम आहे. आवाजाची तपासणी करताना मुलाचं तोंड त्याला धरून बसलेल्या माणसाकडे नसावं. मूल माणसाचा चेहरा वाचतं. हे मी नर्सेसच्या ट्रेनिंगमध्ये दर वर्षी शिकवते. अंगणवाडीत त्या दिवशी विहान रडत होता, आजीकडे तोंड केल्यावर गप्प झाला, बाहेर रांग होती. मी म्हटलं, राहू द्या तसंच. आजीला 'हलू नका' एवढं सांगितलं. ती हलली नाही. मी मागून खुळखुळा वाजवला, तिनं डोळ्यांनी पाहिलं, विहान वळला, मी सही केली. थाळी वाजली तेव्हा तरी मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

"आजी," मी म्हटलं, "आता मी सांगेन तोवर मान वर करायची नाही. काहीही वाजलं तरी शेंगांकडेच पाहायचं."

"काहून?"

"पाहू तर."

प्रवीणनं थाळी आणली आणि विहानच्या मागं जाऊन वाजवली. विहाननं एक टरफल कढईत टाकलं. प्रवीणनं पुन्हा वाजवली. विहाननं दुसरं टाकलं. तिसऱ्यांदा त्यानं इतकी वाजवली की शेजारीण फाटकात येऊन, "काय झालं वं?" विचारून गेली. विहान टरफलं वेचत होता.

मी सांगायच्या आतच आजीनं मान वर केली. नातवाकडे पाहिलं. मग काहीच आवाज नसताना तिनं डोळे फाटकाकडे नेले. विहान वळून फाटकाकडे पाहायला लागला. तिथं कुणी नव्हतं. तिनं आकाशाकडे पाहिलं. त्यानं आकाशाकडे पाहिलं. तिनं हे चार-पाच वेळा केलं. पल्लवी दारात उभी राहून रडायला लागली होती, तेही आवाज न करता.

"म्हंजे हा माह्या तोंडाकडे पाहून राहिला," आजी म्हणाली.

"हो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

आता गप्प बसणं सोपं होतं. मशीन बरोबर ठरली होती, आजी पटली होती, सेंटरची गाडी उभी होती. मी पर्समधून गुलाबी कार्ड काढलं आणि सांगितलं की अंगणवाडीत यानं तपासणीत मला असंच फसवलं आणि ही सही माझी आहे. मला लाज वाटत होती. ती लपवायची कशी हे सोळा वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलेलं नाही.

आजीनं कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी सहीवर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं.

"सही काहून केली मंग?"

"मला वाटलं, ऐकू येतं."

"मलेबी तसंच वाटलं," ती म्हणाली. "पण मी त शिकलेली नाई."

प्रवीण इतका वेळ थाळी धरून उभा होता. त्यानं त्या दिवशीचा एकच प्रश्न विचारला. "मॅडम, तवाच समजलं असतं तं?"

"तेव्हाच यंत्रं लावली असती. एक वर्ष वाचलं असतं."

त्यानं मान हलवली आणि थाळी आत नेऊन ठेवली. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

यंत्रं आली. विहाननं पहिल्या दिवशी जोडी डाळीच्या डब्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी एक यंत्र शेजाऱ्यांच्या बकरीपुढं. आजीनं मग यंत्रांना दोरे बांधले, ते सदऱ्याला पिनांनी अडकवले आणि वरून कानटोपी शिवली. ती टोपी पाहून आमच्या थेरपिस्टनं तिच्याकडून आणखी सहा शिवून घेतल्या. मी आजीला घरचा अभ्यास दिला होता: कुकर वाजला की विहानला आधी त्याचं त्याला कळू द्यायचं, आपण लगेच तिकडं पाहायचं नाही. तिला ते फार अवघड गेलं. "डोळ्याले कसं बांधून ठेवू?" असं ती फोनवर म्हणायची. मी तिला खोटी आशा दिली नाही. एवढ्या दोषात यंत्रातून बोलणं स्पष्ट ऐकू येत नाही, मोठे आवाज कळले तरी पुष्कळ. ऑपरेशनसाठी नाव दिलंच होतं.

अडीच महिन्यांनी ते सेंटरला तपासणीसाठी आले. आजीच्या पिशवीत थाळी होती. मी सांगायच्या आत तिनं नातवाला मांडीवर समोर घेतलं, पदर ओढून अख्खा चेहरा झाकला आणि म्हणाली, "वाजव."

प्रवीणनं वाजवली. विहान पदराशी खेळत होता. दुसऱ्यांदा वाजवली. काही नाही. तिसऱ्यांदा वाजवल्यावर विहानचा हात पदरावरच थांबला. चौथ्यांदा त्यानं मान वळवली, बापाकडे पाहिलं, मग थाळीकडे पाहिलं.

प्रवीणचा चमचा वरच राहिला.

"काहून थांबला गा?" पदराआडून आजी म्हणाली. "वाजव न."

"माय, तो वळला."

"माह्याकडे पाहून वळला असन."

"नाई. तुह्यं तोंड कुठं दिसून राहिलं त्याले."

आजीनं पदर काढला नाही. तो तसाच चेहऱ्यावर होता आणि खांदे हलत होते. विहान तो बाजूला करायला पाहत होता. तोवर मी फॉर्म भरला. 'आवाजाला प्रतिसाद' या रकान्यात 'यंत्रांसह, मोठ्या आवाजाला, होय' लिहिलं आणि शेजारी लिहिलं, 'आजीचे डोळे झाकलेले'. मग सही केली.

पाठक सरांनी फॉर्म वाचला. "आजीचा उल्लेख क्लिनिकल नाही," ते म्हणाले. पण खोडला नाही.

नर्सेसच्या ट्रेनिंगमध्ये मी आता एक वाक्य वाढवलं आहे: मूल तपासण्याआधी, ते कुणाच्या मांडीवर बसलंय ते तपासा. दर वर्षी एखादी नर्स विचारते, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे? पल्लवीकडून मागून आणलेल्या गुलाबी कार्डाची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये आहे. मी ती बाहेर काढते आणि सहीवर बोट ठेवते.