पटावर एकच विद्यार्थी

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मुलं छेदबाई म्हणत. अपूर्णांक लिहिताना कुणी छेद विसरला की बाई वहीवर लाल पेनाने एवढी मोठी रेघ ओढत, त्यावरून ते नाव पडलं होतं. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. मी भाषा शिकवतो आणि गणितापासून चार हात लांब राहतो. तरी गणित शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन त्यांनी मलाच केलं. म्हणाल्या, "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, म्हणजे मध्ये तोंड घालणार नाही."

गट सुरुवातीला चारचौघांसारखाच होता. सकाळी फुलं, दुपारी सजवलेल्या फळ्याचे फोटो, खाली अंगठ्यांची रांग. सगळ्यांचेच वर्ग झकास चाललेले. मग एक दिवस बाईंनी लिहिलं, "काल अपूर्णांकांची बेरीज शिकवली. सपशेल फसली. मुलं छेदांचीही बेरीज करून मोकळी. तुमच्याकडे असं होतं का?" नंतर कुठल्याशा लांबच्या शाळेतल्या एकाने "होतं" एवढंच लिहिलं, आणि मग धरण फुटल्यासारखे सगळे बोलायला लागले.

त्यानंतर बाईंनी नियम केला. स्वतःच्या वर्गात करून बघितलेलंच लिहायचं, आणि फसलेलं आधी लिहायचं. ऐकीव माहिती बंद, फुलंही बंद. चुकणाऱ्याला समज द्यायचं काम माझं. एका मुख्याध्यापकांनाही मी ती दिली, ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरेच जण गट सोडून गेले. उरले ते मात्र कामाचे होते. सकाळी कुणी अडचण मांडली की दुसरा ती आपल्या वर्गात घेऊन बघायचा आणि मधल्या सुट्टीत काय झालं ते लिहायचा. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं, पण कुणाचा वर्ग कुठे अडतो हे सगळ्यांना माहीत.

बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मीही एक भाषण केलं, ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी गटावर लिहिलं, "आजपासून मला वर्ग नाही. नियमाप्रमाणे मी वाचेन, लिहिणार नाही."

लोकांनी खूप गळ घातली. मी फोन केला. "बाई, नियम तुमचाच. तुम्हाला सूट."

"माझा आहे म्हणून तर. इतक्यांना गप्प बसवलं मी त्यावर. आता स्वतःसाठी पळवाट काढू?"

हट्टात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी फोन ठेवला.

पुढे एका नव्या मास्तरने विचारलं, "सहा भागिले अर्धा बरोबर बारा. मुलं म्हणतात, भागल्यावर वाढतं कसं? मी समजावून थकलो." हा बाईंचा हातखंडा विषय. गटाच्या नावाखाली दिसायला लागलं, बाई टाइप करतायत. थांबल्या. परत टाइप, परत थांबल्या. शेवटी काहीच आलं नाही. इतकी वर्षं शिकवलेलं बोटांपर्यंत येऊन अडलेलं बघताना मला वाईट वाटलं, आणि त्या नियमाचा रागही आला.

नंतरच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला.

"आज वर्ग घेतला. पटावर एकच विद्यार्थी, वय अडुसष्ट, पूर्वी बस चालवायचा. कागदाच्या सहा पट्ट्या दिल्या, अर्ध्या करायला लावल्या. तुकडे बारा, हे बरोबर सांगितलं. मग सहा भागिले अर्धा किती, तर म्हणाला तीन. भागायचं म्हणजे वाटायचं, वाटल्यावर कमीच होणार, असं म्हणणं. वर्ग फसला. माझं कुठे चुकलं?"

विद्यार्थी म्हणजे बाईंचे यजमान. नव्या मास्तरचं उत्तर लगेच आलं, "बाई, माझीही मुलं तिथेच अडली. आज मी वाटणं सोडून दिलं. सहात अर्धा किती वेळा मावतो, एवढंच विचारलं. निम्मा वर्ग बोलला." बाईंनी लिहिलं, "उद्या करून बघते." नियमात न बसणारं मला तरी यात काही दिसलं नाही.

तेव्हापासून बाईंचे वृत्तांत येत राहिले. विद्यार्थी आज पेंगला. विद्यार्थी पाऊणाला घाबरतो. लोक त्यावरून आपापल्या वर्गात काय काय करून बघायचे, बाई त्यांना उलट प्रश्न विचारायच्या. गट पुन्हा रंगात आला.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे निघालो, तर जिन्यातच त्यांचे यजमान भेटले, हातात भाजीची पिशवी.

"काय काका, अजून भागाकार कळला नाही?"

त्यांनी वर पाहिलं, मग आवाज खाली आणला. "पहिल्या दिवशी खरंच नव्हता कळला, सर. दुसऱ्या दिवशी कळला."

"मग?"

"कळला म्हटलं की वर्ग सुटला. ही परत खिडकीत बसणार फोन धरून. लिहायची आणि पुसायची. मला नाही बघवत ते. म्हणून जरा दमाने शिकतोय." पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "पुढे टक्केवारी आहे म्हणे. ती तरी अवघड आहे ना?"

"माझ्यासाठी आहे," मी म्हणालो.

वरून बाईंची हाक आली, उशीर झाल्याची. काका पायऱ्या चढायला लागले, मध्येच वळले. "गटावर टाकू नका हं हे."

टाकणार नव्हतोच. ऐकीव माहिती गटावर टाकायची नाही, हा नियम मला पाठ आहे.