मोठ्याने वाचलेला अभ्यास

दहावीचं वर्षभर मी पडवीत बसून मोठ्याने वाचत होते. देवरूखच्या वरच्या अंगाला आमचं गाव. माझा आवाज शेजारच्या घरांत जायचा आणि आई विहिरीवर बायकांना कौतुकाने सांगायची, "पोरीने घोकून घोकून घसा बसवून घेतलाय." वाचलं की पाठ होतं, पाठ झालं की येतं, एवढंच मला ठाऊक होतं.

पूर्वपरीक्षेत मी गणितात आणि शास्त्रात नापास झाले. शास्त्राच्या बाईंनी मला वर्गात थांबवून घेतलं. "अभ्यास करतेस ना? मग प्रकाशाचा धडा सांग," म्हणाल्या आणि माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. कुठल्या पानावर कुठली आकृती आहे ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं, पण तोंडातून एक वाक्य फुटेना. बाई रागावल्या नाहीत.

"थोडंच वाच. मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिही. काय सुटलं ते बघ, आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा लिहून बघ."

धाकट्या भावाची पाटी घेऊन मी तसं करायला बसले. पाटी जवळजवळ कोरीच राहिली. वर्षभराचं वाचन गेलं कुठे, या भीतीने मला रडू कोसळलं. तरी चिकटून राहिले, आणि प्रकाशाचा धडा खरंच येऊ लागला. मग विजेचा. पण अख्खं पुस्तक पुढे पडलं होतं आणि परीक्षा तोंडावर आली होती.

शिमग्याला बाबा मुंबईहून आले. गावात ढोल वाजत होते आणि मी कोपऱ्यात पाटी घेऊन गप्प बसलेली.

"काय गो, अभ्यास सोडलास काय? आवाज नाय तुझा."

"लिहून बघतेय, बाबा. बाईंनी सांगितलंय."

"पुस्तक मिटून कसला गो अभ्यास? तू पाटीकडे बघत बसावंस म्हणून मी तिकडे रात्रपाळ्या करतो काय?"

मी पाटी बाजूला ठेवली आणि पुस्तक उघडलं. ते परत जाईपर्यंत मी पुन्हा मोठ्याने वाचलं. ते खाटेवर पडून ऐकत आणि मधूनच समाधानाने हुंकारत. ते गेल्यावर मात्र पाटी हातात घ्यायचा मला धीर होईना. ती काय दाखवेल ते माहीत होतं.

जूनमध्ये निकाल लागला. दोन्ही विषय गेले. प्रकाशावरचा प्रश्न मी पूर्ण सोडवला होता, पण तेवढ्याने भागलं नाही. मला ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. बाबांचा निरोप गावातल्या एका माणसाबरोबर आला, "एवढं वाचून डोक्यात राहत नसेल, तर पोरीला उगाच त्रास नको." त्यात राग नव्हता, दया होती, म्हणून मला भांडताही आलं नाही. बाईंना भेटायला शाळेत गेले, तर त्यांची बदली झालेली.

भातलावणीला मी चिखलात वाकलेली असताना शेजारणीने विचारलं, "गो, तुझ्या शाळेचं काय झालं?"

"मला डोकंच नाय," मी म्हणाले.

आई बाजूलाच होती. ती पुढची रोपं लावत राहिली. पुढे कित्येक वर्षं मीही तेच खरं मानत राहिले.