गणवेश सुटल्यावर

योम उन्जूला राग आला की आधी तिच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. बँकेतल्या मुलींना हे चांगलं ठाऊक होतं. पाळ्या लाल दिसल्या की त्या आपले शिक्के, पेनं उचलून गुपचूप आपापल्या खिडकीमागे सरकायच्या.

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, एका लहानशा बचत बँकेत उन्जू वाणिज्य शाळेतून थेट नोकरीला लागली होती. त्या शाळांमधून आलेल्या मुलींना बँकेकडून गणवेश मिळे. जांभळट जाकीट, गुडघ्यापर्यंतचा घट्ट स्कर्ट आणि गळ्यात टाचणी लावून बसवायचा रेशमी रुमाल. विद्यापीठातून आलेल्यांना गणवेश नसे, मग ती बाई असो नाहीतर पुरुष. गिऱ्हाईक दारातून आत आलं की जांभळा रंग बघून त्याला कळायचं, कुणाला ‘अगं ए’ म्हणायचं आणि कुणाला ‘मॅडम’. एकदा एका व्यापाऱ्याला उन्जूने कर्जाचे हप्ते फोड करून समजावून सांगितले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या टेबलावरच्या, नुकत्याच लागलेल्या सूटवाल्या पोराकडे वळून विचारलं, “ही म्हणते ते बरोबर आहे ना हो, साहेब?”

पोरगा म्हणाला, “असेल की.”

त्या ‘असेल की’ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पदवी असल्याशिवाय वरच्या श्रेणीची परीक्षा देता येत नाही, म्हणून तिशीला टेकल्यावर तिने संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. बँक सुटली की मेट्रोने कॉलेज गाठायचं, तिथल्या बाथरूममध्ये एका पायावर तोल सांभाळत गणवेश उतरवायचा, जीन्स चढवायची आणि मग वर्गात जायचं. पिशवीत कोंबलेल्या जाकिटाचा पार चोळामोळा झालेला असे. सकाळी उठून आधी त्याला इस्त्री.

मग एका वसंतात मुख्य कार्यालयाने गणवेश बंद केला. वर्तमानपत्रात बायकांच्या गणवेशावर टीका होऊ लागली होती, तेव्हा कुणी बोट दाखवायच्या आत बँकेने हात झटकले. शाखेत केक आला. उपव्यवस्थापक शिम साहेबांनी सुरी उन्जूच्याच हातात दिली. “घ्या, आजपासून तुम्ही पोरी मोकळ्या!”

उन्जूने केक कापला, टाळ्याही वाजवल्या. खोटं कशाला, तिला खरंच हलकं वाटलं होतं. घरी जाताना तिने जाकीट, स्कर्ट, रुमाल सगळं इमारतीखालच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत ढकलून दिलं.

वर आल्यावर तिने कपाट उघडलं. जीन्स, टोपीवाले ढगळे सदरे, लग्न-मयतीला घालायची काळी पँट आणि एक पांढरा शर्ट. इतकी वर्षं ती नोकरी करत होती आणि नोकरीवर घालायला तिच्याकडे एकच जोड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत शिम साहेबांनी नियम सांगितले. कपडे नीटनेटके हवेत, गिऱ्हाइकाला विश्वास वाटेल असे हवेत, “आणि जरा बायकी. उगाच पोरांसारखं नको.”

“गणवेशावर होणारा खर्च आता कपड्यांसाठी आम्हाला मिळणार का, साहेब?” उन्जूने विचारलं.

“तो वाचला की! बँकेने कधी चार पैसे वाचवूच नयेत का?” शिम साहेब हसले. ते हसले म्हणून बाकीचे हसले.

सगळ्यांत धाकटी, हानब्योल, त्याच आठवड्यात मॉलमधून हप्त्यावर तीन झगे घेऊन आली. उन्जूला हप्ता परवडणारा नव्हता. तिचा एक हप्ता कॉलेजच्या फीचा आधीच चालू होता. ती रोज घरी गेल्यावर पांढरा शर्ट धुवायची, पंख्यापुढे वाळवायची आणि सकाळी तोच घालायची.

आठवडा संपायच्या आत शिम साहेब तिच्या खिडकीमागे येऊन उभे राहिले. “काय उन्जू, घरी इस्त्रीला एकाच शर्टाची ओळख आहे वाटतं? गिऱ्हाईकं बोलायला लागलीत हं.”

मागची पुरुष मंडळी खुदखुदली. उन्जूने मान वर करून शिम साहेबांकडे पाहिलं. अंगात गडद निळा सूट. ती लागली तेव्हापासून तोच. कोपरं घासून घासून तुळतुळीत झालेली, मागची शिवण एकदा उसवून पुन्हा घातलेली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

त्या रविवारी ती तणतणत सोमुन बाजारात गेली. तिथे कपडे दुरुस्त करणाऱ्यांच्या बोळात तिच्या आत्याचा गाळा होता. गाळा कसला, मशीन आणि आत्या मावेल एवढी जागा. उन्जू आल्या आल्या बोलायला लागली. शिम साहेब, इस्त्री, ‘बायकी’, खुदखुदणारे ते सगळे. आत्या शिवत राहिली.

“झालं?” आत्याने धागा तोडला. “आता समोरून शेवयांचं सूप घेऊन ये. दोन वाट्या. उपाशीपोटी मला कुणाला शिव्या देता येत नाहीत.”

सूप पिता पिता उन्जू म्हणाली, “मला कपडे हवेत, आत्या. थोडेच. पण बँकेत कुणाला थोबाड उघडायला जागा मिळता कामा नये, आणि संध्याकाळी तेच अंगावर ठेवून मला वर्गात बसता आलं पाहिजे. बाथरूममधली ती कसरत आता बंद.”

“रंग?”

“गडद निळा, राखी आणि सायीसारखा पांढरा. चौथा नको. वरचा कुठलाही कपडा खालच्या कुठल्याहीवर चालला पाहिजे.”

“म्हणजे लाल नकोच?”

“लाल कशाला?”

“तेही खरं. लाल तुझे कान आहेतच.”

बाजारामागच्या गल्लीत जुने कपडे वजनावर विकणारा एक दुकानदार होता. त्याच्या ढिगाऱ्यात दोघी कोपरापर्यंत शिरल्या. बायकांची जाकिटं उन्जू उचलायची आणि फेकायची. कापड पातळ, अस्तर नाही. एकाच्या खिशात ती हात घालायला गेली तर बोटं अडकली. खिसा शिवलेलाच होता, म्हणजे मुळात खिसा नव्हताच, वरून नुसती पट्टी.

“हे बघ! हे बघ आत्या! खिशाला नुसतं तोंड दिलंय, पोटच नाही!”

“अगं ओरडू नकोस, आपण चोरी केली असं वाटतंय लोकांना.”

मग तिने पलीकडच्या ढिगातून पुरुषाचा कोट ओढला. जाड लोकरीचं कापड, आतून पूर्ण अस्तर, बाहेर खिसे, आत खिसे, आतल्या खिशातही आणखी एक लहानसा खिसा. आणि वजनावरच विकायचं म्हटल्यावर भाव तोच. उन्जू तो कोट हातात धरून नुसती बघत राहिली. इतका राग आला की तिला रडूच येईल असं वाटलं.

“कुणा मेलेल्याचा असेल,” आत्या म्हणाली.

“असू दे. मेलेला इस्त्रीबद्दल विचारणार नाही.”

असे दोन कोट घेतले, एक निळा आणि एक राखी. पुढचे कित्येक रविवार आत्याच्या गाळ्यात गेले. आत्याने खांद्यांतल्या गाद्या काढल्या, कंबर आत घेतली. बाह्यांवरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आत्या म्हणायची मनगटापर्यंत, उन्जू म्हणायची दुमडता आल्या पाहिजेत, कारण देगूच्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांनी माणूस उकडून निघतं. शेवटी बाहीच्या आतून राखी अस्तर लावलं, म्हणजे दुमडली की ती मुद्दाम तशी शिवलीय असं दिसावं. मग पुरुषांच्याच दोन पँटी उसवून तिच्या मापाच्या केल्या. सायीच्या रंगाचे सुती शर्ट, एक राखी विणलेला सदरा आणि चालताना पाय अडकणार नाही असा निळा स्कर्ट, एवढं गोळा व्हायला उन्हाळा अर्धा संपला. जास्तीचं आत्या काही घेऊ देईना आणि उन्जूलाही नको होतं.

पहिल्या दिवशी बँक सुटल्यावर ती कॉलेजात गेली, बाथरूमच्या दारावरून सरळ पुढे चालत गेली आणि वर्गात जाऊन बसली. शर्टाची दोन बटणं मोकळी केली, कोटाच्या बाह्या दुमडल्या, बस्स. तास सुरू व्हायला अजून अवकाश होता. तिने शांतपणे भाताची गुंडाळी खाल्ली. कॉलेज सुरू झाल्यापासून वर्गाआधी काही खायला तिला पहिल्यांदाच वेळ मिळाला होता. त्या संध्याकाळी ती कुणावरच रागावलेली नव्हती.

ते काही टिकलं नाही.

शरदात वरच्या श्रेणीच्या परीक्षेसाठी शाखांकडून नावं जायची होती. उन्जूचं पदवीचं शेवटचं सत्र चालू होतं, त्यामुळे नाव जायला अडचण नव्हती. सकाळच्या सभेत शाखाप्रमुख भिंतीशी उभे होते आणि शिम साहेब बोलत होते. “उन्जूचं नाव या वेळी पाठवत नाही आहोत. कामाबद्दल प्रश्नच नाही. पण माणूस समोर कसा दिसतो हेही बघावं लागतं. रोज तेच तेच कपडे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आहेत.”

“कुठल्या गिऱ्हाइकाच्या?”

“आता नावं कशी सांगणार?”

“एक सांगा.”

“उन्जू, ही काय पद्धत झाली?”

“नाव नसेल तर तक्रार करणारं गिऱ्हाईक तुम्हीच आहात, साहेब.” तिचा आवाज चढला नव्हता. हानब्योलने नंतर सांगितलं की तेच जास्त भीतिदायक वाटलं. “तुमच्या अंगावरचा हा सूट मी इथे लागले त्या दिवसापासून बघतेय. कोपरं आरशासारखी चमकतात. मागे शिवण उसवली होती, ती काळ्या धाग्याने घातलीय, सूट निळा आहे. आजवर कोण बोललं तुम्हाला? तुमची बढती कुणी अडवली?”

“पुरुषांची गोष्ट वेगळी असते.”

“मग माझीही वेगळीच आहे.” तिने कोटाचं बटण काढलं आणि एक बाजू उघडून आतलं लेबल सगळ्यांना दिसेल असं धरलं. “पुरुषाचाच कोट आहे. खिसे मोजून घ्या.”

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शिम साहेबांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. शाखाप्रमुखांनी खाकरून घड्याळाकडे पाहिलं. “दारं उघडायची वेळ झाली,” ते म्हणाले आणि आत निघून गेले.

दुपारी हानब्योल बाथरूममध्ये तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. नळ सोडून, कुजबुजत म्हणाली, “ताई, काय भारी बोललात! आम्ही सगळ्या मनातून तुमच्याच बाजूने होतो.”

“मनातून?” उन्जू गर्रकन वळली. “मनातून काय उपयोग गं? तिथे तोंडाला काय झालं होतं तुमच्या? मी एकटीच तेवढी उर्मट ठरले, आणि तुम्ही मनातून!”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्जूला वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत.

त्यानंतर सकाळच्या सभेत कपड्यांचा विषय कुणी काढला नाही. पण हिवाळ्याच्या तोंडावर उन्जूची बदली शहराबाहेरच्या योंगछनच्या शाखेत झाली. शिक्षा असा शब्द कुठेच नव्हता, ‘अनुभव मिळावा म्हणून’ असं म्हणाले. रोज बसने जायचं, संध्याकाळी तसंच परत येऊन कॉलेज गाठायचं. पहिला तास नेहमी बुडायचा. सत्राच्या शेवटी एका विषयात ती जेमतेम पास झाली. बसमध्ये उभी असताना ती शिम साहेबांना मनातल्या मनात जे काही ऐकवायची, ते इथे सांगण्यासारखं नाही.

एका रविवारी आत्याचा फोन आला. “तुझ्या बँकेतली एक पोरगी आलीय. हप्त्यावर घेतलेले झगे आणलेत, म्हणते यांना खिसे लावून द्या. काय करू?”

“लाव,” उन्जू म्हणाली. “खोल लाव.”

पदवी मिळाली. योंगछनच्या शाखाप्रमुख बाईंना तिच्या कपड्यांचं काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी पुढच्या वर्षी तिचं नाव पाठवलं. परीक्षेत ती दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. आत्याने बाजारात ओळखीच्या सगळ्यांना चपटे, सारण भरलेले मांदू खाऊ घातले आणि भाची साहेब झाली म्हणून सांगत सुटली. शिम साहेब कुठल्याशा मोठ्या शाखेत प्रमुख झाल्याचं कानावर आलं. त्या दिवशी उन्जू जेवली नाही.

आणि मग एके दिवशी मुख्य कार्यालयातून फोन आला. बँकेच्या मासिकातली मुलगी बोलत होती, आवाज गोड.

“योम मॅडम, आम्ही एक छान लेख करतोय. नव्याने लागलेल्या मुलींसाठी. थोड्या कपड्यांत ऑफिस आणि कॉलेज दोन्ही कसं स्मार्टपणे सांभाळायचं! तुमचं नाव सगळ्यांनी सुचवलं. फोटो काढू, तुम्ही चार युक्त्या सांगा.”

“नव्या मुलींना कपड्यांसाठी भत्ता मिळतो का?”

“नाही… म्हणूनच तर हा लेख.”

“मग युक्ती लिहून घ्या. भत्ता मागा.”

मुलगी हसली. उन्जू हसत नाही हे कळल्यावर थांबली. “मॅडम, असं नाही छापता येणार. काहीतरी… प्रेरणा देणारं?”

“बाळ, मी मेलेल्या माणसाचा कोट उसवून घातला, कारण माझ्या पगारात दुसरा येत नव्हता. त्याचा फोटो काढून तुम्ही त्या पोरींना दाखवणार, की बघा, हिचं भागलं, तुमचंही भागेल. आणि पगार आहे तिथेच. हो ना?”

मग ती मुलगी हळूच म्हणाली, “मीपण कंत्राटावरच आहे, मॅडम.”

उन्जूचा आवाज जरा उतरला. “मग तुला मी काय सांगू? तुझं नाव नको घालूस. माझं घाल, आणि मी म्हणाले तसं घाल. नाही घालू दिलं, तर लेखही नको आणि फोटोही नको.”

लेख छापून आला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी फोटोसकट. उन्जूने पहिलं पान वाचलं, मासिक दोन्ही हातांनी उभं फाडलं, कचऱ्यात टाकलं आणि खिडकीबाहेर ताटकळलेल्या म्हाताऱ्याला म्हणाली, “या आजोबा, बसा. बोला, काय काम आहे?”