धम्मशीलाचा प्रिंटर आणि कपड्यांची नीळ

मला लिहायची सवय नाही, तेव्हा सांगताना काही राहून गेलं तर समजून घ्यावं.

वरवट बकालला बसस्टँडसमोर धम्मशीलाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटर ती एकटीच शिकली. चुकत, पुन्हा बटण दाबत. प्रिंटरशी मात्र तिचं रोजचं भांडण. आमच्या वस्तीत जयंती असो की लग्न, पत्रिका निळीच लागते. त्यामुळे निळी शाई सगळ्यांच्या आधी संपते, आणि ती संपली की हा गडी काळं अक्षरही छापत नाही.

त्या दिवशी तेच झालं. वस्तीतल्याच प्रेरणाला नर्सिंगचा फॉर्म चारच्या आत नांदुऱ्याच्या कॉलेजात द्यायचा होता. शेवटची तारीख. बस एकची, आणि साडेबारा वाजून गेलेले. मी तिथे झेरॉक्ससाठी गेलो होतो.

"काळ्या अक्षराले निळी शाई काऊन पाहिजे बे तुले?" धम्मशीलाने प्रिंटरला विचारलं. त्याने फक्त लाल दिवा लुकलुकवला.

"मावशी, बस जाईन ना!"

"थांब. हा आत डोकावून नाही पाहत, नुसते थेंब मोजते. आपन भरला म्हटलं तर भरला." तिने एक बटण बराच वेळ दाबून धरलं. प्रिंटर फसला! फॉर्म बाहेर आला, पण फोटोत निळा नसल्याने प्रेरणा हळद लागलेल्या नवरीसारखी दिसत होती.

"मावशी, मी अॅडमिशनले चालली का मांडवात?"

फोटो रंगीत आणि स्पष्ट हवा, असं फॉर्मवरच लिहिलेलं. धम्मशीला माझ्याकडे वळली. "काका, तुमच्या घरी कपड्याची नीळ असन ना?"

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. घरून बाटली आणली. तिने सिरिंजने चार थेंब कार्ट्रिजमध्ये सोडले.

"काका, कोनाले सांगू नका हं."

आता मी सांगतोच आहे.

पहिल्या कागदावर नुसते पट्टे उमटले. दुसऱ्यावर नाक आलं, डोळे नाहीत. तिसऱ्यावर अख्खा चेहरा आला, पण निळसर. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. ओला कागद फुंकत, दोन्ही हातांनी वर धरून प्रेरणा पळाली.

सव्वातीन झाले तरी धम्मशीलाने डबा उघडला नव्हता. मग फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"मावशी, बाबूनं फोटो पाह्यला अन् म्हने, पोरी, नर्सिंग शिकाले आली का दवाखान्यात भरती व्हाले?"

"अव, पन घेतला का फॉर्म?"

"घेतला. शिक्का बी मारला."

धम्मशीला स्टुलावर बसली आणि पदराने तोंड पुसत हसत सुटली. प्रिंटरने त्यानंतर एक अक्षरही छापलं नाही. त्याचं वाईट तिला दुसऱ्या दिवशी वाटलं.